झाडावरचे भेक आणि तांब्याची कळशी

निशिकांत गोंधळेकर हा माणूस असा, की बुकित बातोकच्या बाजारात तुम्हाला दहा वेळा भेटला तरी अकराव्यांदा ओळखू यायचा नाही. बँकेत हिशेब तपासायची नोकरी, डोक्यावर विरळ केस, हातात कायम छत्री. सिंगापुरात येऊन पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी झाला, एचडीबीचा, म्हणजे सरकारी इमारतीतला फ्लॅट घेतला, अकराव्या मजल्यावरून खाली बघून चक्कर येईनाशी झाली, तरी सवयी सगळ्या गुहागरच्या. त्यातली सगळ्यात चिवट सवय म्हणजे तांब्याची कळशी.

ही कळशी त्याच्या आईनं विमानतळावर त्याच्या हातात दिली होती. बॅगेत मावेना म्हणून तो ती मांडीवर घेऊन आला. एअर होस्टेस हसली असेल. हसू दे बापडी! संध्याकाळी पाणी उकळायचं, निवलं की कळशीत भरायचं, झाकण ठेवायचं आणि सकाळी उठल्याबरोबर पेलाभर प्यायचं. रविवारी चिंच आणि मीठ लावून कळशी लखलखीत घासायची. लग्न झाल्यापासून तो सकाळचा दुसरा पेला उर्मिलाच्या हातात द्यायचा. ती अर्धवट झोपेत प्यायची आणि म्हणायची, "चव लागते हं याला." बस. नवराबायकोचं दिवसभरातलं धड बोलणं कधीकधी एवढंच असायचं.

कारण उर्मिलाचा जीव दुसरीकडेच अडकलेला असायचा. ती प्राणिशास्त्रातली डॉक्टर, इथल्या विद्यापीठात कराराच्या नोकरीवर संशोधन करणारी. आणि संशोधन कशावर, तर भेकांवर! भेक म्हणजे तो खरखरीत कातडीचा, चामखिळींनी भरलेला, दिव्याखाली बसून किडे गिळणारा आणि उडी मारायचासुद्धा आळस करणारा गडी. लग्न ठरताना निशिकांतनं विचारलं होतं, "यांच्यावर अभ्यास करण्यासारखं काय आहे?" तर म्हणाली, "माझे झाडावर राहतात."

"भेक? झाडावर?"

"मलेशियातल्या जोहोरच्या जंगलात ये कधी. नदीकाठच्या झाडावर असे बसलेले असतात, जसे काही त्यांच्या आजोबांनी लावलंय झाड."

बोटांच्या टोकांना चकत्या असलेला हा भेक सगळा जन्म फांद्यांवर काढतो आणि अंडी घालायला तेवढा ओढ्यात उतरतो. पिल्लं पाण्यात वाढतात. मग एक दिवस शेपूट आटतं, पाय येतात आणि ते एवढंसं पोर पाण्यातून निघून झाडाची वाट धरतं. कधी धरतं, कशी धरतं, पहिल्यांदा कशाला पकडून वर चढतं, हे उर्मिलाला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मागचे दोन पावसाळे हात हलवत परत आली होती. या खेपेला मात्र एका ओढ्यात अंडी सापडली, परवानगी निघाली, अंड्यांची पिल्लं झाली, आणि ती पिल्लं तिनं तळहाताच्या फोडासारखी जपली. मार्चमध्ये तिचा करार संपत होता. पुढचा करार मिळायचा तो या पिल्लांच्या जिवावर.

आणि नेमकं डिसेंबरात, दोन हजार सहाच्या, प्रयोगशाळेचं रंगकाम निघालं. रंगाच्या वासानं पिल्लं मरतील म्हणून तिनं साहेबांची परवानगी घेतली आणि दोन टब घरी आणले. मागच्या बाजूला, जिथे कपडे वाळत घालतात तिथे, टब मांडले. शेजारी प्रयोगशाळेतल्या खास पाण्याचे निळे कॅन. निशिकांतचं वॉशिंग मशीन बंद. साबणाचा थेंब उडाला तर! त्याचे शर्ट शेजारच्या लिम आंटीकडे धुवायला जायला लागले.

आता माणूस चिडणार की नाही? त्यातून नाताळच्या सुट्टीत गुहागरला जायचं ठरलं होतं. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्यांनी फोनवर दोनदा "येताय ना?" विचारलं होतं. ते बारगळलं. वर उर्मिला म्हणाली, "मला चार दिवस जोहोरला जायला लागेल. ओढ्याला पाणी चढलंय, मोठे भेक खाली उतरत असतील. पिल्लांचं तू बघशील ना?"

झालं! निशिकांतचा तोल गेला. एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी बोलून गेला, "मरू देत ती तुझी बेडकं एकदाची! मेली म्हणजे सुटू तरी आपण!"

उर्मिलानं बुटांच्या नाड्या बांधता बांधता वर पाहिलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, "दिवसाआड अर्धं पाणी बदल. कॅनमधलंच घाल. नळाचं नको, त्यातलं जंतू मारायचं औषध नुसतं ठेवून जात नाही. दुकानातलं बाटलीचं डिस्टिल्डही नको, त्यात क्षार नसतात, ती फुगतात. एवढं कर." आणि गेली.

दोन 'नको' सांगून गेली. तिसरं सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. कुणाच्या आलं असतं?

पहिल्या संध्याकाळी निशिकांत टबाजवळ गेला तो तोंड वाकडं करून. स्टुलावर बसला. पाण्याच्या तळाशी कुजक्या पानांवर काळी काळी पिल्लं तोंड लावून चरत होती. एकाच्या शेपटीच्या मुळाशी मोहरीएवढा फुगवटा होता. पाय! त्यानं चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. दुसऱ्याला पण होता. "अरेच्चा," तो मोठ्यानं म्हणाला. त्याला वाटलं, हे उर्मिलाला सांगायला हवं. फोन लावला. लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेपर उघडला तर पहिल्याच पानावर बातमी. जोहोरमध्ये पूर. कोटा टिंगी पाण्याखाली, रस्ते तुटलेले, छपरांवर माणसं. उर्मिला त्याच्याही पुढे, नदीच्या वरच्या अंगाला, जंगलातल्या एका लाकडी तळावर. बरोबर एक मलेशियन सहकारी आणि एक जीप. फोन बंद. विद्यापीठाच्या ऑफिसात फोन केला तर सुट्टीमुळे घंटी नुसती वाजत राहिली. वकिलातीतून सांगितलं, वाट बघा.

वाट बघा! सांगायला काय जातं! घरी बसून माणसानं किती वाट बघायची? निशिकांत भिंतींना बघून वेडा व्हायची वेळ आली. त्याच्या कानात एकच वाक्य घुमत होतं, आणि ते त्याचं स्वतःचं होतं. मरू देत. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, आणि तोच पाऊस मलेशियाच्या पुलापलीकडे तिच्या डोक्यावर कोसळत होता. ती शेवटचं ऐकून गेली ते काय, तर हे.

मग त्यानं मनाशी एक वेडं गणित मांडलं. हिशेबाचा माणूस, पण हे गणित काही बँकेत शिकला नव्हता. ही पिल्लं जगली तर ती येईल. एवढंच. देवापुढे उदबत्ती लावून म्हणाला नाही, कुणाला सांगितलं नाही. पण त्याच्या डोक्यात ते पक्कं बसलं. त्यानं सुट्टी टाकली आणि स्टूल टबापाशी कायमचं मांडलं.

आणि असा जपायला लागला की विचारू नका. दिवसाआड अर्धं पाणी बदलायचं, तर हा रोज बदलायचा. जरा गढूळ दिसलं की बदल. पान जास्त कुजलं की बदल. पुढे तर सकाळ-संध्याकाळ. पिल्लांना आता मागचे पाय फुटले होते, पायांना सुईच्या टोकाएवढी बोटं आली होती. एक पिल्लू सारखं टबाच्या कडेला येऊन थांबायचं, जणू वर बघतंय. निशिकांतनं त्याच्यासाठी खालच्या पिंपळाची एक काडी आणून पाण्यात तिरकी लावली. "चढ रे राजा," तो म्हणायचा. "पण आत्ता नको. ती आली की चढ." तिच्याआधी चढला तर तिचं बघायचं राहून जाईल ना!

अन् इथेच घोळ झाला. चार दिवसांसाठी ठेवलेले कॅन त्याच्या या प्रेमापायी केव्हाच रिकामे झाले. उर्मिलाचा पत्ता नाही. पाणी तर बदलायलाच हवं. रोज बदलायची सवय त्यानंच लावली होती, आणि आता न बदलता राहायला त्याची छाती होईना.

पावसाचं धरावं म्हणून तो बादली घेऊन खाली गेला आणि ब्लॉकमागच्या गवतावर ठेवून आला. तासाभरानं गेला तर बादली उपडी. शेजारी झाडूवाला आणि त्याच्याबरोबर लिम आंटी, कमरेवर हात ठेवून.

"मिस्टर निशी! बकेट कॅनॉट, लाह! डेंगी! दे फाइन यू, यू नो!"

"आंटी, फॉर बेबी फ्रॉग," निशिकांत काकुळतीला येऊन म्हणाला.

"फ्रॉग?" आंटीनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू बायको पुरात अडकल्यानं याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग तिचा चेहरा उतरला. "युवर वाइफ कॉल ऑरेडी?" नाही आला फोन, अशी त्यानं मान हलवली. तिनं त्याच्या दंडावर थोपटलं आणि जेवायला बोलावलं. तो गेला नाही. आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडत होता आणि या माणसाला बादलीभर धरून ठेवता येत नव्हता.

घरी आला. नळाचं नको. बाटलीचं नको. ओट्यापाशी उभा राहिला आणि समोर कळशी दिसली.

त्याला वाटलं, हात्तिच्या! एवढं सोपं! नळाचं पाणी तसंच ठेवून औषध जात नाही म्हणाली. उकळून तर जाईल? त्यानं पातेलं भरून खळखळा उकळलं, चांगलं अर्धा तास. निववलं. आणि आपण पितो, उर्मिलाला देतो, त्याच कळशीत ओतायचं ठरवलं. पण आधी कळशी घासायला घेतली. रविवार नव्हता, तरी. चिंच जरा जास्तच घेतली, आतूनही हात घालून घासली, अशी की आतला तळ आरशासारखा चमकायला लागला. आईनं पाहिलं असतं तर खूष झाली असती. एवढ्या जिवांचं पाणी ठेवायचं, भांडं स्वच्छ नको? रात्रभर झाकून ठेवलेलं ते पाणी त्यानं सकाळी हळूहळू, धार न पाडता, टबांत घातलं. अर्धं नाही, जवळजवळ सगळंच बदललं.

संध्याकाळपर्यंत पिल्लं चरायची थांबली.

काडीपाशी थांबणारं पिल्लू कुशीवर पडलं होतं. बोट लावलं तर शेपूट हललं आणि पुन्हा पडलं. पाणी घाण झालं असेल, निशिकांतला वाटलं. म्हणजे बदलायला पाहिजे! त्यानं कळशीतलं उरलेलं सगळं ओतलं, पुन्हा उकळलं, पुन्हा भरलं. अहो, जिवाचं रान केलं त्यानं! जेवला नाही, आंघोळ केली नाही. जितकी पिल्लं निस्तेज होत तितकं तो त्यांना आपलं चांगलं पाणी देई. दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्कळशी तळाशी उलटी झालेली होती. दुपारी उरलेली गेली. शेवटचं गेलं तेव्हा तो स्टुलावरच होता. पोटावर पांढुरकं, पाय पसरलेले, त्या पायांना पुरती पाच पाच बोटं.

तो रडला. अकाउंटंट माणूस, चाळिशीला आलेला, बेडकांच्या पिल्लांसाठी ढसाढसा रडला. पण पिल्लांसाठी थोडंच? त्याचं गणित होतं ना. पिल्लं गेली, म्हणजे उर्मिला...

आणि फोन वाजला.

"निशी? मी बोलतेय. अरे, ठीक आहे मी. इथे मर्सिंग गावच्या शाळेत आहोत, लष्कराच्या होडीनं आणलं. ऐकू येतंय का? बोल ना."

तो नुसतं "हो, हो" म्हणत राहिला. मग तिनं विचारलं, "पिल्लं कशी आहेत रे?"

तो टबांकडे बघत म्हणाला, "आहेत."

"पाय आले?"

"आले."

"खरंच?" पलीकडे ती हसली. पुरातून, चिखलातून, शाळेच्या फरशीवरून हसली. "उद्या पोचते बघ."

फोन ठेवला आणि निशिकांतच्या ध्यानात आलं, आपण हे काय करून बसलो. बायको जिवंत होती, याचा आनंद करायला त्याला एक संध्याकाळसुद्धा धड मिळाली नाही. आता भीती दुसरी. उर्मिला विचारणार, कशानं मेली? आणि त्याच्याकडे उत्तर नव्हतं. खरोखर नव्हतं. त्याच्याकडे होतं ते फक्त ते वाक्य, जाताना बोललेलं. मरू देत एकदाची. कोण विश्वास ठेवील? त्यानं स्वतःला तिच्या जागी ठेवून पाहिलं, आणि त्याचा स्वतःचाच बसेना.

सांगता आलं असतं काहीबाही. वीज गेली होती, रंगाचा वास आला, शेजारच्यांनी फिनेल टाकलं. सगळं जुळवून झालं त्याचं. शेवटी त्यानं पिल्लं एका स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली, कारण ती तिची होती आणि तिला विचारल्याशिवाय फेकायचा त्याला हक्क नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी उर्मिला आली. डोळे खोल गेलेले, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. त्यानं तिला धरलं, तीही त्याच्या खांद्यावर क्षणभर टेकली. मग "थांब हं" म्हणून सरळ मागे गेली. टब स्वच्छ, रिकामे. काडी तेवढी तिरकी.

ती टबापाशी वाकली आणि पाठमोरीच म्हणाली,

"तू म्हणालास, आहेत."

"हो."

"कधी गेली?"

"तुझा फोन आला त्याच्या आधी." त्यानं फ्रिजमधून डबा काढून तिच्या हातात दिला. तिनं झाकण उघडलं, बोटानं एकेक पिल्लू सरकवून पाहिलं. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. त्याला तेच सोसवेना.

"निशिकांत," ती म्हणाली. चिडली की ती पूर्ण नाव घ्यायची. "मी भांडणार नाही. कॅन संपले असतील, मला उशीर झाला. तू कंटाळलास, आणि नळ सोडलास. मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. पण खरं सांग."

म्हणजे मुद्दाम केलंस, असंच म्हणत होती ती. त्याला ते लख्ख कळलं.

"नळाचं नाही घातलं," तो म्हणाला. "आईशप्पथ नाही, उर्मी. आपलं प्यायचं घातलं. उकळून."

"उकळून?" ती चक्रावली. "मग तर औषध गेलं असेल. मग कशानं..." ती बोलता बोलता थांबली. "आपलं प्यायचं म्हणजे? कशातलं?"

त्यानं ओट्याकडे बोट केलं. कळशी तिथे होती, एवढी लखलखीत की तीत खिडकी दिसत होती.

उर्मिला खाली बसली. भिंतीला टेकून, चिखलाच्या पायांनी, फरशीवर. "तांबं," ती म्हणाली. "अरे देवा. तांबं रे. आपल्याला काही होत नाही. त्यांना थेंबभर उतरलं तरी पुरे. शेवाळ मारायला तळ्यात काय टाकतात? मोरचूद ना?"

मोरचूद! निशिकांतला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्याच्या वडिलांची सुपारीची बाग. पावसाच्या तोंडाशी पोफळींवर मोरचूद आणि चुना फवारायचे. त्याचं निळं पाणी पाटात उतरायचं, आणि दुसऱ्या दिवशी पाटातले बेडूक उलटे होऊन तरंगायचे. पांढऱ्या पोटाचे, पाय पसरलेले. लहानपणी त्यानंच ते काठीनं बाहेर काढले होते.

"मला माहीत होतं गं," तो म्हणाला. "तुझ्याआधीपासून माहीत होतं मला. मोरचूद म्हणजे तांबं, हेसुद्धा शाळेत शिकलोय. पण कळशी... कळशी म्हणजे तसलं काही असेल, हे मनातच नाही आलं."

उर्मिला कळशीकडे बघत होती. "एवढी चमकतेय," ती म्हणाली. "आज रविवार आहे?"

"नाही. त्यांच्यासाठी घासली. चिंच लावून. आतूनही."

"आतूनही," ती पुटपुटली. चिंचेनं नुकतं घासलेलं तांबं पाण्यात कसं उतरतं ते तिला ठाऊक होतं, आणि या माणसानं कुणासाठी म्हणून हात घालून आत घासलं असेल तेही. तेव्हा मात्र तिला रडू फुटलं. रिकाम्या टबांपाशी जे आलं नव्हतं ते सगळं आलं. निशिकांत तिच्या शेजारी फरशीवर बसला.

"मार्चनंतर काय?" तिचं रडू ओसरल्यावर त्यानं विचारलं.

"माहीत नाही. साहेबांना उद्या सांगते. काय झालं ते जसंच्या तसं."

"माझ्यामुळे तुझं हसं होईल."

"होईल," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी निशिकांतनं पाणी उकळलं आणि स्टीलच्या पातेल्यात भरलं. कळशी कोरडी करून, उपडी करून, वरच्या फळीवर मागे सारली. सकाळी त्यानं स्टीलमधलंच पाणी पेल्यात ओतून उर्मिलापुढे धरलं. तिनं एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"हे कुठलं?"

"स्टीलमधलं."

ती उठली. स्टूल ओढलं, त्यावर चढून वरच्या फळीवरून कळशी काढली आणि ओट्यावर सुलटी ठेवली. पातेल्यातलं पाणी तीत ओतलं, वर झाकण ठेवलं.

"उद्यापासून यातलंच दे मला," ती म्हणाली, आणि मागे जाऊन टब धुवायला लागली.